पायी चाललेली गाडी

नाव नोंदवून सहा वर्षं वाट पाहिल्यावर सुरेशचंद शेठच्या नावाची गाडी आली, तेव्हा जळगावच्या दाणाबाजारात पेढे वाटले गेले. पुढच्या चार महिन्यांत त्याच बाजारात कुजबुज सुरू झाली, की नव्या गाडीचं तेल ड्रायव्हर विकतो.

तेल कमी होत होतं, यात वाद नव्हता. ड्रायव्हर सुपडू रोज सकाळी बॉनेट उघडायचा, तेल मोजायची काडी पुसून आत घालायचा आणि उजेडात धरून बघायचा. वरच्या खुणेपर्यंत भरलेलं इंजिन आठवडाभरात खालच्या खुणेखाली जायचं. गाडी उभी असायची त्या फरशीवर थेंबाचाही डाग नसायचा. नवा डबा देताना पेढीवरचे दिवाणजी म्हणायचे, "काय सुपडू, गाडीला पाजतोस की घरी भजी तळतोस?" बाकीचे खो-खो हसायचे.

सुपडू शिरपूरकडचा. शेठची जुनी जीप त्याने इतकी वर्षं चालवली, पण त्याच्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. आता त्याची बायको ताईबाई पाणी भरून यायची ती चेहरा पाडूनच.

"बाया माले इचारतस, तेलना काय भाव शे म्हने. काय सांगू त्यास्ले?"

"सांग, गाडीच पी जास."

"कोनले पटी ते?"

कोणालाच पटलं नसतं. पण शेवटी शेठनेच गाडी धुळ्याला नेली. गाडी तिथल्या एजंटाकडून, बन्सीलालकडून घेतलेली होती आणि सहा महिन्यांची गॅरंटी अजून संपायची होती. बन्सीलालने तेल भरलं, भरायचं झाकण आणि तेल सोडायचा खालचा बोल्ट तारेने बांधला, तारेच्या गाठींवर शिशाचं सील दाबलं आणि सांगितलं, "पाचशे मैल फिरवा आणि मग आणा. सील तुटलं तर चोर माणूस, नाही तर चोर इंजिन."

पाचशे मैल झाल्यावर बन्सीलालने दोन्ही सीलं तपासली. ती जशीच्या तशी होती. काडी मात्र जवळजवळ कोरडी निघाली. सुपडूला वाटलं, इथल्या इथे खाली बसून रडावं.

"शेटजी, बघा," एवढंच तो म्हणाला.

"बघितलं रे बाबा," शेठ म्हणाला, आणि त्याने खरोखरच सुपडूच्या पाठीवर हात ठेवला.

बन्सीलाल मात्र विचारात पडला होता. "सुरेशभाई, पहिले हजार मैल गाडी कशी चालवली? पुस्तकात लिहिलंय तशी?"

"पुस्तक पूजेत ठेवलंय. इंग्रजी कोण वाचतो?" शेठ म्हणाला. "गाडी आली आणि मांजी साध्वीजींबरोबर विहाराला निघाल्या. चैत्र-वैशाख सगळा विहारच चालला होता. भुसावळ, यावल, चोपडा, मग इकडे धुळं."

विहार म्हणजे साध्वींचा पायी प्रवास. साध्वीजी गाडीकडे ढुंकूनही बघत नसत. पण त्यांच्याबरोबर चालणाऱ्या बायांचं सामान, पाण्याचे हंडे आणि गुडघे धरलेल्या शेठच्या आई जतनबाई, ज्यांना सगळं घर मांजी म्हणायचं, गाडीत असत. गाडी साध्वीजींच्या मागे, त्यांच्या पावलांनी चालायची. फार मागे पडली की सुपडू पहिल्या गिअरमध्ये थोडी पुढे घ्यायचा. थांबली तरी इंजिन चालूच राहायचं, कारण पुन्हा चालू करताना होणारा आवाज मांजींना आवडायचा नाही.

बन्सीलालने कपाळावर हात मारला. "अहो, नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत एकमेकींवर घासून बसायला लागतात. त्याला जोर पाहिजे. वेग कमी-जास्त पाहिजे, इंजिनावर भार पाहिजे. तुम्ही तिला दोन महिने पायी चालवलीत. तेल भिंतीवर भाजून काचेसारखं गुळगुळीत झालं असणार. आता रिंगा नुसत्या घसरतात, तेल वर चढतं आणि जळून जातं. मागून निळा धूर येतो ना, तेच तुमचं तेल."

सुपडूने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. इतकी जपून त्याने आयुष्यात दुसरी कुठलीही गाडी चालवली नव्हती.

"मग गॅरंटी?" शेठने विचारलं.

"हे ऐकलं तर कंपनी हात वर करील. पुढच्या आठवड्यात मुंबईहून साहेब येतोय. तो पहिल्यांदा हेच विचारणार. पुस्तकाप्रमाणे चालवली म्हणा, बाकीचं मी सांभाळतो."

शेठची अडचण वेगळी होती. विहार संपल्यावर याच धुळ्यात येऊन त्याने साध्वीजींसमोर हात जोडून असत्य न बोलण्याचा नेम घेतला होता. तेव्हापासून गिऱ्हाईकाला कापसाचा भाव सांगतानाही तो चाचरायचा. बाजारात त्याची थट्टा व्हायची, पण त्याने नेम मोडला नव्हता.

साहेब यायचा होता त्या दिवशी दोघं धुळ्याला निघाले. पारोळा मागे पडल्यावर मागच्या सीटवरून शेठचा आवाज आला, "सुपडू, माझा नेम तुला माहीत आहे."

"हो शेटजी."

"साहेब ड्रायव्हरलाच विचारणार. गाडी तूच चालवतोस."

"हो शेटजी."

"घरची गाडी आहे. पहिल्यांदाच नवीकोरी आली आहे."

खोटं बोल, असं शेठने म्हटलं नाही, पण सुपडूला ते कळलं. चोरीचा डाग नुकताच धुऊन निघाला होता. नोकरी टिकवायची होती. एका वाक्याने ते होणार असेल तर बोलून टाकू, असं त्याने ठरवलं.

कंपनीचा साहेब तरुण होता, सरळ वाटला. त्याने सुपडूला बसायला स्टूल दिलं.

"पहिले हजार मैल कशी चालवलीस?"

"पुस्तकात लिहिलंय तशी. तीस, पस्तीस. कधी चाळीस."

"मध्ये फार वेळ हळू?"

"नाही साहेब."

साहेबाने मान हलवली आणि इंजिनाचं डोकं उतरवायला सांगितलं. दोन तास गेले. मग त्याने सुपडूला जवळ बोलावलं, त्याचं बोट धरून सिलिंडरच्या आतून फिरवलं. भिंत काचेच्या बांगडीसारखी गुळगुळीत लागली.

"इथे बारीक तिरप्या रेघा असायला हव्या होत्या. एक तरी लागते का हाताला?" त्याचा आवाज चढला नव्हता. "तीस-चाळीसने चाललेल्या गाडीचं असं होत नाही. ही गाडी आठवडेच्या आठवडे रांगली आहे. लग्नसराईत मालकाला न सांगता वरातीला लावायचास ना? नवी गाडी, फुलं लावून, बँडच्या मागे. मी हे काही पहिल्यांदा बघत नाही."

"नाही साहेब! वरात नव्हती, विहार होता. मांजी होत्या गाडीत. साध्वीजी पायी..."

"मघाशी तर हळू चालवलीच नाही म्हणालास."

साहेब शेठकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं हे?"

शेठने घसा खाकरला. बन्सीलालने मान खाली घातली. आता खरं सांगायचं, तर ड्रायव्हरला खोटं बोलायला कोणी लावलं, हेही सांगावं लागलं असतं.

"विहारात मी नव्हतो," शेठ सावकाश म्हणाला. "मी पेढीवर असतो. गाडी दिवसभर याच्याच ताब्यात असते."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

साहेबाने निकाल सांगितला: चालकाकडून गैरवापर, गॅरंटी लागू नाही. इंजिन पुन्हा बांधून झालं, तेल भरलं आणि गाडी निळा धूर सोडत जळगावच्या रस्त्याला लागली. आरशात शेठचा चेहरा दिसत होता. एरंडोलपाशी तो म्हणाला, "विहाराचं नाव काढायला नको होतंस."

मांजी ओसरीवरच बसल्या होत्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं म्हणून ताट वाढलेलं होतं, तरी त्या थांबल्या होत्या.

"काय निघालं?"

"साहेब म्हणाले," शेठ म्हणाला, "वरातीत फिरवली."

मांजींनी सुपडूकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत, तेच त्याला सहन झालं नाही. "माझ्यासमोर किती सांभाळून चालवायचास रे. रस्त्यावरची मुंगीही मरू नये अशी. मला वाटायचं, याच्या मनात दया आहे."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं: मांजी, त्या चालण्यानंच गाडी गेली. मग त्यांनी काय केलं असतं, हे त्याला ठाऊक होतं. प्रायश्चित्त म्हणून ताट बाजूला सरकवलं असतं, आणि उद्याचं, परवाचंही. दुपारच्या आपल्या खोटेपणानंतर त्यांना हे पटेल की नाही, याचीही त्याला खात्री नव्हती. शेठने हात पुढे केला, आणि सुपडूने त्यावर किल्ली ठेवली.

ताईबाई त्या रात्री एकदाच बोलली. "जाय, मांजीले बठ्ठं खरं सांगी ये."

"आते कोन आयकी?"

जळगावात काम मिळालं नाही. बिऱ्हाड आवरून दोघं शिरपूरला आली. तिथे झुलाल पाटलाचे दोन ट्रक जिनिंगला कापूस वाहायचे आणि एकावर ड्रायव्हर नव्हता. पाटील खाटेवर बसून तंबाखू मळत होता.

"जळगावच्या शेठची गाडी वरातीत लावली ती तूच ना?"

"आबा, त्याचं असं झालं..."

"कसं का होईना. ड्रायव्हर लोक लावतात वरातीत, मला काय ते नवीन नाही. माझ्या ट्रकला कोण फुलं बांधतंय? पण खोटं बोलणारा मला चालत नाही. विहार-बिहार म्हणून शेठच्या म्हातारीवर ढकलत होतास म्हणे, हे ऐकलंय मी. एकदाच विचारतो. फिरवली की नाही?"

ताईबाई दाराबाहेर बोचकं घेऊन उभी होती. तिचं सगळं लक्ष इकडेच होतं.

"फिरवली," सुपडू म्हणाला.

"बघ, असं सरळ बोलावं," पाटील म्हणाला. त्याने तंबाखू तोंडात टाकली आणि सकाळी पाचला हजर राहायला सांगितलं.