दोनदा वाचून दाखव

कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये मी चौतीस वर्षं फिटर होतो. दुसऱ्याने आवळलेला नट स्वतःच्या पान्याने तपासल्याशिवाय पुढे गेलो नाही. रिटायर होऊन सोलापुरात राहायला आलो, शेअरच्या नादाला लागलो, पण सवय तीच. म्हणूनच माझ्या ऑर्डरच्या आधी कुणीतरी घुसतंय, हे लक्षात यायला आठवडासुद्धा लागला नाही.

मी घेतो त्या शेअरना फारसं कुणी विचारत नाही. स्वस्तात विकणारा एखादाच असतो. ब्रोकरच्या ऑफिसात धर्मपालला फोन करून मी ऑर्डर सांगायची, आणि ती बाजारात पोचेपर्यंत तो स्वस्तातला माल कुणीतरी उचललेला! एकदा झालं तर योगायोग म्हणू. रोज?

धर्मपाल चांगला माणूस, बारा वर्षं माझं काम बघतोय. पण चांगल्या माणसावर मी जरा जास्तच नजर ठेवतो. सांगितलेली ऑर्डर त्याने दोनदा वाचून दाखवायची, मग मी 'हो' म्हणणार, मगच बटण दाबायचं, ही शिस्त मीच त्याला लावली होती.

मग मी रस्ता बदलला. एनएसईवर टाकतोस ना, आजपासून बीएसईवर टाक, म्हटलं. तिथेही माझ्या आधी कुणीतरी हजर! म्हणजे चोर बाजारात नव्हता, माझं बोलणं ऐकणाऱ्यात होता. शेवटी मोबाईलवर ॲप घेतलं, गच्चीवर गेलो आणि तोंडातून अक्षर न काढता स्वतः ऑर्डर टाकली. टिंग करून मोबाईल वाजला. माल पहिल्याच भावात मिळाला होता. तीन दिवस असंच झालं. आता आणखी काय पुरावा पाहिजे?

धर्मपाल ऑर्डर फोडतो, अशी मी पुण्याच्या हेड ऑफिसला तक्रार ठोकली. त्याला घरी बसवलं, चौकशी लागली. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

सोमवारी ऑफिसात बोलावणं आलं. पुण्याहून आलेल्या अपेक्षा मॅडमनी माझ्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. बापरे, काय तो माझा आवाज! वर्कशॉपच्या खडखडाटात कमावलेला. धर्मपालने ऑर्डर एकदा वाचली. मागे आमच्या कुकरची शिट्टी झाली. तो दुसऱ्यांदा वाचायला लागला, आणि मागून आवाज आला. टिंग.

"परत लावा," मी म्हणालो.

परत टिंग. त्याच्या आदल्या दिवशीच्या फोनमध्येही तेच, मी 'हो' म्हणायच्या आधी. तेव्हा माझ्याकडे ॲप नव्हतं. घरात मी आणि बायको महानंदा, दोघंच.

धर्मपाललाही बोलावलं होतं; तो समोर मान खाली घालून बसला होता.

"महानंदाचं खातं हितंच हाय का रं?"

"दुसऱ्या गिऱ्हाइकाचं सांगता येत न्हाय, अप्पा."

"नोकरी चालली हुती तुझी. तरी बोलला न्हाईस?"

"तुमचंबी कधी कुणाला सांगितलं न्हाय की."

मला लाज वाटली. तक्रार मागे घेताना कारण लिहावं लागतं. 'गडबड माझ्याच घरात आहे' असं लिहून सही केली. मॅडम हसल्या नाहीत, एवढीच त्यांची कृपा.

घरी गेलो तो तणतणतच. महानंदा भाजी निवडत होती. ती अजिबात गडबडली नाही.

"अवो, एवढ्या मोठ्यानं सांगता, अख्ख्या गल्लीला ऐकू येतंय. मीबी मोबाईलवर तेवढं शंभर घ्यायची."

"मला न इचारता?"

"त्यात इचारायचं काय? तुमी घेता म्हंजे चांगलंच असणार की. मी कुटं तपासत बसू?"

चौतीस वर्षांच्या नोकरीत कुणी माझ्याबद्दल असं म्हटलं नव्हतं. मी पाणी प्यायलो.

मंगळवारी धर्मपाल परत कामावर होता. मी ऑर्डर सांगितली. त्याने ती एकदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचायला लागला.

"हो," मी मधेच म्हणालो. "टाक."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अवो, जरा दम धरा की!"