भगदाडाची दुरुस्ती

आमच्या किल्ल्यावर बघण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे भगदाड.

बाकी काही शिल्लक नाही. राजवाडा म्हणून मी जो दाखवतो तो गुडघाभर उंचीचा आहे. विहिरीत पाणी नाही आणि तोफा केव्हाच कुणीतरी उचलून नेल्या. या डोंगरात आजूबाजूला चांगले धडधाकट किल्ले आहेत, बुरूजबिरूज असलेले, पार दरवाजापर्यंत गाडी जाते. तरीही लोक धापा टाकत आमच्याकडे येतात ते त्या भगदाडासाठी. शत्रूनं अख्खा हिवाळा खाली तळ ठोकला आणि शेवटी त्याच जागी तट फोडून तो आत घुसला. मी लोकांना त्या भोकासमोर नेतो, जरा थांबतो, हात वर करतो आणि म्हणतो, "इथून!" लोक शहारतात, फोटो काढतात आणि उतरायला लागतात. किल्ला दाखवणं म्हणजे एवढंच. चढण तेवढी त्यांची त्यांना आणि माझी मला.

माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. सकाळी पायथ्याशी उभा राहून वर बघितलं की मला त्या शत्रूची दया येते. निदान तो एकदाच चढला.

पायथ्याला आमच्या खात्याचं संग्रहालय आहे. एक खोली, काचेच्या कपाटात गंजके भाले, आणि कपाटाशेजारी एक खुर्ची. त्या खुर्चीवरचा माणूस निवृत्त झाला तेव्हा मी लगेच साहेबांना भेटलो. म्हटलं, मला खाली घ्या.

साहेब म्हणाले, "घेऊ की. पण तिथं नुसता बसणारा माणूस नको, बोलणारा हवा. एकदा वर येऊन तुमचं बोलणं ऐकतो, मग ठरवू."

म्हणजे माझी खुर्ची त्या 'इथून'वर अवलंबून. मी आठवडाभर रजा टाकली, गुडघ्यांना तेल चोळलं, आणि घरात हात वर करकरून सराव केला. बायको म्हणाली, "पंखा बंद करू का? बोट जाईल."

ठरल्या दिवशी साहेब सपत्नीक आले. बाईसाहेब शेळीसारख्या तुरुतुरु पुढे निघून गेल्या. साहेबांचं मात्र प्रत्येक वळणावर निसर्गप्रेम उफाळून यायचं. थांबायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "वा! काय देखावा!" समोर धुकं. पुढच्या वळणावर पुन्हा धुकं, पुन्हा "वा!" मीही मनापासून "वा!" म्हणत होतो. दोघांनाही बसायचं होतं आणि दोघंही एकमेकांसमोर बसू शकत नव्हतो.

वर पोहोचलो तेव्हा साहेबांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे चालू द्या. 'भगदाडाकडे' अशी बाणाची पाटी आहे, तिच्यामागून वळलो. मी साहेबांकडे तोंड करून उलटा चालत होतो, कारण माझ्या सांगण्याची ती पद्धत आहे. हिवाळा सांगितला, उपासमार सांगितली, आवाज खाली आणला, थांबलो, हात वर केला.

"इथून!"

साहेब बघत राहिले. बाईसाहेबांनी आधी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुठून?" त्या म्हणाल्या.

मी मागे वळलो. माझ्यामागे तट होता. अखंड. सरळ. दगडाला दगड असा चिकटलेला की मुंगीनंसुद्धा वळसा घालून जावं. सांधे कसे रेघ मारल्यासारखे.

असं काम या डोंगरात एकच माणूस करतो, आणि तो माझा मेहुणा आहे. घरात त्याला सगळे ओळंबा म्हणतात. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. त्याला वाकडं बघवतच नाही. आमच्या लग्नात तो वरमाला सारख्या करत होता. खात्यानं त्याला गडावरचे सुटे दगड पक्के करायला ठेवलंय हे मला माहीत होतं. माझ्या रजेत तो इथवर पोहोचेल हे नव्हतं माहीत.

तेवढ्यात तो आलाच. हातात थापी, तोंडभर हसू.

"दाजी! बघितलंत?"

"हे काय केलंस तू?" मी दातांतल्या दातांत म्हणालो.

"बुजवलं! ताईनं सांगितलं होतं. म्हणाली, हे रोज त्या भोकापाशी उभे राहून बोलतात, गार वारा थेट छातीवर येतो, रात्रभर खोकतात. जमलं तर बघ जरा. म्हटलं, दाजींसाठी एवढं नाही करायचं?" त्यानं भिंतीवर थाप मारली. "चुना मुरवून घातलाय. आता वाऱ्याची काय बिशाद!"

जो तट फोडायला शत्रूला अख्खा हिवाळा लागला तो माझ्या बायकोच्या मायेनं आठवड्यात उभा राहिला. यावर मी रागावणार तरी कुणावर?

साहेबांना एव्हाना दम परत आला होता. "म्हणजे... भगदाड नाही?"

"काल होतं, साहेब."

"काल नाही, चार दिवस झाले," ओळंब्यानं दुरुस्ती केली. त्याला वाकडं वाक्यही चालत नाही.

मग मी बसलो. साहेबांसमोर, परवानगी न घेता, सरळ एका दगडावर. माझ्यातलं सगळं बोलणं संपलं होतं. साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा दगडाकडे, आणि हळूच शेजारी टेकले. गुडघे तेवढे ठणकत होते. त्यांचे की माझे, सांगता येत नव्हतं.

बाईसाहेब भिंतीवरून हात फिरवत होत्या.

"ओल येत नाही ना यातून?"

"ओल?" ओळंबा दुखावला. "वहिनी, पाण्याचा पाइप सोडा वरून."

"अहो, ऐकलंत का? आपल्या बाथरूमची ती भिंत!"

"कोणत्या बाजूची?" ओळंब्यानं विचारलं.

"बेडरूमकडची. पोपडे पडतात नुसते."

"आधी प्लास्टर केलं होतं का कुणी?"

"तीनदा," साहेब एकदम म्हणाले. सबंध दिवसात त्यांचा आवाज पहिल्यांदाच कळकळीचा लागला. "तीनही वेळा फसवलं हो मला. वरच्या मजल्यावरचा म्हणतो, आमच्याकडून गळत नाही."

"तो तसं म्हणणारच. त्याचा नळ आतून फुटलाय."

"मी तेच म्हणतोय कधीपासून!" साहेब उठून उभे राहिले. गुडघे विसरून.

त्यानंतर जवळजवळ तासभर आमच्या ऐतिहासिक तटासमोर साहेबांच्या बाथरूमची चर्चा झाली. ओळंब्यानं मातीत काडीनं नळांचा नकाशा काढला. मागून चढून आलेलं एक जोडपं थोडा वेळ ऐकत उभं राहिलं, आणि मग त्या बाई म्हणाल्या, "आमच्या गच्चीचं पण विचारायचं होतं." भगदाड कुठं गेलं हे कुणीच विचारलं नाही.

मी धीर करून म्हणालो, "साहेब, ते खुर्चीचं... म्हणजे संग्रहालयाचं?"

"अं? हो हो." साहेबांना मी आठवलो. त्यांनी चेहरा अधिकाऱ्यासारखा केला. "बोलता चांगलं तुम्ही. मला थंडी वाजली ऐकताना. पण उद्या वरून कुणी तपासायला आलं तर? पाटी आहे आणि भगदाड नाही. वरची माणसं मलाच धरतील. तुम्ही असं करा, भगदाड होतं तसं करा, मग लगेच तुम्हाला खाली घेतो. शब्द दिला."

"मी करू? याला सांगा ना, यानंच—"

"यांना मी घेऊन चाललोय," साहेब ओळंब्याच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाले. "भिंत बघायला."

ओळंब्यानं मला हातोडा आणि छिन्नी दिली. चेहरा पडला होता बिचाऱ्याचा. "दाजी, खरंच फोडणार?"

"फोडायला लागणार."

"मग सांध्यावर मारू नका, फुटणार नाही. दगडावर मारू नका, छिन्नी जाईल."

"मग मारू कुठं?"

त्यानं खूप विचार केला. भिंतीकडे अभिमानानं आणि माझ्याकडे दुःखानं बघितलं. "नाहीच फुटायचं, दाजी," तो म्हणाला, आणि साहेबांमागून उतरायला लागला. वळणावर त्यांचे आवाज आले. "वा!" असं आता कुणी म्हणत नव्हतं. सगळे नळाबद्दल बोलत होते.

मी छिन्नी लावली आणि हातोडा मारला. ठण्ण आवाज झाला, कोपरापर्यंत मुंग्या आल्या. तटाला ओरखडा नाही. पुन्हा मारला. शत्रूकडे निदान माणसं होती. त्यांच्यातला एक थकला की दुसरा पुढे होत असेल. इथं मी थकलो की मीच पुढे.

दुपारी सहलीचा एक घोळका वर आला. पाटीच्या बाणामागून वळून ते माझ्यापाशी थांबले. घामाघूम, तोंडं उघडी. पुढच्या काकांनी माझा हातोडा बघितला, भिंत बघितली.

"काय चाललंय हो हे?"

"हल्ला," मी म्हणालो आणि सरकून बाजूच्या दगडावर जागा केली. "या, टेका. अजून बराच वेळ आहे."