गप्प होडी

"जी होडी उत्तर देत नाही, तिच्यापासून सुरुवात कर." बापा हे सांगायचे तेव्हाही त्यांचा एक कान रेडिओलाच लागलेला असायचा. "ओरडणाऱ्याचं नरडं तरी शाबूत असतं. गप्प राहिला त्याला आधी शोधायचं."

आमच्या बंदराची रीतच ती. सांजेची प्रार्थनेची घंटा झाली की बापा टेकडीवरच्या खोलीतून एकेका होडीला नावाने हाक मारत. ते गेल्यावर रेडिओपुढची ती खुर्ची माझ्याकडे आली. गावातले लहानथोर मला तांता म्हणतात, म्हणजे मावशी. "आहे गं तांता, देवाला अजून माझी गरज नाही!" असं कुणी ओरडलं की मी पुढच्या नावाकडे वळायची.

मग बंदरप्रमुख इग्नासने हे काम परदेशातल्या एका कंपनीला देऊन टाकलं. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शहरात बसलेली माणसं म्हणे आमच्या होड्या सांभाळणार. रेडिओ खाली उतरवताना तो हसून म्हणाला, "तांता, आता निवांत जपमाळ ओढा. संकट आलं की होडीवाला कळ दाबेल, तिकडे कळेल. रोज कशाला घसा फोडायचा?"

इग्नास काही उपरा नव्हे. माझ्या हातचे मक्याचे पोहे खाऊन वाढलेला.

पश्चिमेचा वारा सुटला आणि एकटाच गेलेला माझा धाकटा भाऊ कोस्मास परतला नाही. लाटेने आधी त्यालाच उचललं असणार. कळ दाबायची कुणी? आम्ही पलीकडे विचारलं, तर उत्तर आलं: त्या होडीकडून काही कळवलेलं नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही. होडी सापडली, कोस्मास नाही. आम्ही त्याचा सदरा पुरला.

त्या मातीवर हात ठेवून मी त्याला शब्द दिला. इग्नासला इथे आणीन, गुडघ्यावर बसवीन, आणि गावादेखत तुझ्या नावाने हाक मारायला लावीन. उत्तर येईपर्यंत.

इग्नास तेव्हापासून दफनभूमीला वळसा घालून जातो. मी रोज पहाटे माळ संपली की मारियामातेकडे त्याच्यासाठी दीर्घायुष्य मागते. फादरना वाटतं, मी त्याला क्षमा केली. मेलेला माणूस सुटतो, एवढंच मला ठाऊक आहे.

रेडिओ गेला तरी सांजेला टेकडीवर बसायचं व्रत मी मोडलं नाही. एकेक होडी दिसली की एकेक मणी सोडायचा. त्या दिवशी एक मणी अंगठ्याखाली तसाच राहिला. इग्नासची पांढरी होडी. हौसेने मासे धरायला एकटाच गेला होता.

थोड्या वेळाने त्याची बायको लिओनार्दा अनवाणी धावत वर आली. "तांता, हे आले नाहीत! तिकडचे म्हणतात, काही कळवलेलं नाही."

"मग ठीकच असेल," मी म्हणाले. "कळ आहे ना त्याच्याकडे?"

"तांता, असं नका हो बोलू. पाया पडते."

"माझे पाय राहू देत. तो जिवंत सापडला तर आधी घरी न्यायचा नाही. ओल्या अंगाने कोस्मासपाशी आणायचा. आणि रेडिओ परत या टेकडीवर. घे शपथ."

तिने माझ्या माळेचा क्रूस ओठांना लावला.

खाली वाळूत दामियान जाळं झटकत होता. कोस्मास त्याचा जोडीदार. मी म्हणाले, "होडी काढ. इग्नास राहिलाय बाहेर."

"त्याच्यासाठी?" तो थुंकला. "राहू दे की तांता. मासेही उपाशीच आहेत बिचारे."

"माशांना कशाला? तो माझा आहे."

 तो जाळं खाली टाकून म्हणाला, "आणि फादर तुम्हाला संत म्हणतात!"

"म्हणू देत. उजेड आहे तोवर चल. या वाऱ्यात बंद पडलेली होडी काळ्या खडकाकडे वाहत जाते."

मी माळ गळ्यात घातली, कमरेचं कापड वर खोचलं आणि होडीत चढले. होडी वाळूवरून सरकली, पाण्याने तिला उचललं. मी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि अगदी हळू आवाजात, रात्रभर हाका माराव्या लागल्या तरी घसा बसू नये म्हणून, इग्नासला पहिली हाक मारली.