विठोबाला दिलेली गोळी

या, असं जवळ सरकून बसा. कीर्तन उभं राहायला वेळ आहे, तोवर किल्लारीच्या केवळाबाईची गोष्ट ऐका.

म्हातारपणी केवळाबाईला एकाएकी मान मिळू लागला. पन्नास वर्षं "अगं ए" करून ओरडणारे किशनराव आता हात जोडून विचारत, "तुम्ही कुणाकडच्या, बाई? च्या घेता का?"

"मरायच्या आधी अहोजाहो ऐकलं बाई," असं ती शेजारणीला हसून सांगे, आणि आत जाऊन डोळे पुसे. अभंग सगळे पाठ, विसरले ते बायकोलाच!

लातूरच्या डॉक्टरांनी अल्झायमर सांगितला आणि रोजची एक गोळी दिली. दिराची नात तनुजा लातुरातच डॉक्टरकी शिकत होती. तिला केवळाबाईनं विचारलं, "नवी इंजेक्शनं निघालीत म्हणं?"

"निघालीत आजी. मेंदूत साचलेली पुटं काढतात. पण आजार नवा असतानाच. त्यातबी मेंदूला सूज येती, कधी रक्त उतरतं. आजोबांची ती वेळ गेली."

"मग ही गोळी?"

"गेलेलं आणत न्हाई. हाय ते थोडे दिवस धरून ठेवती. तेबी लागू पडली तर."

केवळाबाईला तेवढंच हवं होतं. भूकंपात गेलेल्या चार वर्षांच्या लेकीचा, रुद्राणीचा, फोटोसुद्धा ढिगाऱ्यातच राहिला. तिचा चेहरा ठाऊक असलेली जगात दोनच माणसं, त्यातलं एक निसटत चाललेलं.

महिना गेला, फरक नाही. देव्हारा पुसताना विठोबामागं बुक्का लागलेल्या बावीस गोळ्या सापडल्या.

"अहो, हे काय?"

"निवद. इसरल्याचं औषध हाय न्हवं? मग ज्याला इसर पडला त्याला दिलं. गणपती बुडवून आम्ही निजलो, त्या पहाटं ह्यो आमाला इसरला. म्या न्हाई इसरलो."

केवळाबाई पदर सावरून म्हणाली, "बरं. निवद दाखवलात. परसाद कोण खायचा? टाकून देताव का?"

प्रसादाला नाही म्हणायची किशनरावांची छाती नव्हती. जुन्या गोळ्या तिनं उचलून ठेवल्या. रोज दिवा लावला की नवी एक देवापुढं, तुळशीच्या पानासकट, आणि मग त्यांच्या तळहातावर. पहिल्या आठवड्यात मळमळलं तर म्हणाले, "परसाद बाधला की हो, बाई!"

दोन महिन्यांनी एका सांजेला ओसरीवरून आवाज आला, "अगं ए! च्यात साखर कोन घालायची? रुद्राणी जेवली का?"

"गेला माझा मान!" केवळाबाई रडत-हसत साखरेचा डबा घेऊन पळाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा "बाई" झाली. गोळीच ती, तिची धाव तेवढीच.

झालं, वीणा लागला बघा. एवढं करा: प्रसाद तोंडात टाकताना आमच्या रुद्राणीचं नाव घ्या. तिला आठवणारी फार थोडी उरलीत.