दुसरा अंतरा

"आज्जी, तुमी वर जाताय," इंद्रजितने कीबोर्डवरची बोटं उचलली. "हितं वर न्हाई जायचं. 'आभाळ' म्हनताना चाल खाली येती. परत घिऊ का?"

धोंडाबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसली होती. माइक तिने लाटणं धरावं तसा मुठीत धरला होता.

"आभाळ खाली कसं यील, बाबा?" ती म्हणाली.

खुर्च्या मांडणारी माणसं हसली. इंद्रजितही हसला. पोरगा गुणी होता. भोरला वाद्यांचं दुकान चालवायचा आणि कुणाचं लग्न, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असलं की गायला जायचा. म्हातारीवर आवाज चढवणं त्याच्या रक्तात नव्हतं. "तुमचं बी बराबर हाय," तो म्हणाला, "पन मूळ गाण्यात ते खालीच येतं."

संध्याकाळी धोंडाबाईच्या वारलेल्या नवऱ्याचा, दादूचा, जलदान विधी होता. विंझरच्या अलीकडच्या वस्तीत, विहारासमोर मांडव पडला होता आणि मागच्या बाजूला खिरीच्या पातेल्याखाली जाळ लागला होता. कार्यक्रमाला इंद्रजितची पार्टी आणली होती सम्राटने, धोंडाबाईच्या मुलाने. पार्टी म्हणायची ती आपली रीत म्हणून. माणूस एकटाच, बाकी एक कीबोर्ड आणि दोन स्पीकर. दादूच्या काळी पार्टी म्हणजे पेटी, ढोलकी, टाळ, कोरसला बाया आणि या सगळ्यांना वाहून न्यायला कुणाची तरी मागून आणलेली बैलगाडी.

दादू त्या पार्टीचा शाहीर. दिवसा वेल्ह्याच्या रस्त्यावर खडी फोडायची आणि संध्याकाळी गाणी जुळवायची, असा त्याचा प्रपंच. शब्द त्याचे, चाली जगाच्या. ते दिवसच गाण्यांचे होते. रेडिओवर एखादं गाणं गाजायचं, नाटकात कुणी पदाला वन्समोअर घ्यायचं, जत्रेतल्या तंबूत एखाद्या लावणीला शिट्ट्या पडायच्या, आणि बघता बघता ती चाल दादूच्या पार्टीत भीमगीत होऊन उभी राहायची. सिनेमातली बाई होडीत बसून ज्या चालीवर साजणाला बोलवायची, त्याच चालीवर दादू वस्तीतल्या पोरींना शाळेत बोलवायचा. कुणी नाक मुरडलं तर म्हणायचा, "चाल वाऱ्यावर येती. वारा काय कुनाच्या बापाचा हाय?"

ते होडीचं गाणं एका जुन्या मराठी सिनेमातलं. सिनेमा कुणाच्या लक्षात नाही, पण त्याच्यावर दादूने बांधलेलं 'उजाडलं गं आमच्या उंबऱ्याशी' वरव्यापासून भोरपर्यंत लोकांच्या तोंडी होतं. ध्रुवपद सगळ्यांचं, पहिला अंतरा दादूचा आणि दुसरा धोंडाबाईचा. 'ओंजळीत पाणी, पाण्यात आभाळ' अशी त्याची ओळ. तो तिच्याशिवाय कुणी कधी म्हटला नाही.

अंथरुणाला खिळल्यावर दादूचा आवाज गेला आणि नुसती कुजबूज उरली. त्या कुजबुजीत तो म्हणाला होता, "माझ्या मागं रडत बसू नगा. कार्यक्रमात 'उजाडलं गं' घ्या. अन् दुसरा अंतरा तूच म्हन. दुसऱ्या कुनाला दिऊ नगंस."

"म्हनीन," असं तिने सांगितलं होतं. धोंडाबाईने आयुष्यात फार शब्द दिले नव्हते, कारण तिच्याकडे कुणी मागितलेच नव्हते. हा एक दिला होता, आणि तो आज संध्याकाळी पाळायचा होता.

आणि आता हा पोरगा म्हणत होता, चाल चुकते आहे.

सम्राट लगबगीने आला. वरव्याजवळच्या कारखान्यात सुपरवायझर झालेला माणूस, त्याला सगळं नीटनेटकं लागायचं. "आये, तो सांगतोय तसं म्हन की. पावनं मोबाईलवर घेनार, गावभर जानार. आबांची चूक कशाला दावायची लोकान्ला?"

"चूक न्हाई ती."

"मग काय हाय?"

इतकी वर्षं धोंडाबाईने जे कुणाला सांगितलं नाही ते आता खिरीच्या धुरात बसून कसं सांगायचं?

त्याचं असं झालं होतं. लग्न होऊन ती या वस्तीत आली ते वर्ष. विंझरच्या नाक्यावर एका हॉटेलात रेडिओ होता. दादूसारख्यांचे कप तेव्हा बाहेर वळचणीला पालथे ठेवलेले असायचे आणि चहा वरून ओतला जायचा. पण गाणं काही कपातून द्यावं लागत नाही. ते रस्त्यावर यायचं. दादू घमेलं खाली ठेवून समोरच्या झाडाखाली उभा राहायचा आणि चाल कानात साठवून घ्यायचा. होडीचं गाणं त्याने असंच पकडलं. ध्रुवपद झालं, पहिला अंतरा झाला, दुसरा सुरू होणार तोच हॉटेलवाल्याने त्याच्याकडे बघितलं आणि रेडिओ बंद केला.

घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "सेल वाचवत आसंल बिचारा." जेवला मात्र नाही.

दोन दिवसांवर वरव्याला जयंतीचा कार्यक्रम होता. शब्द सगळे तयार आणि दुसऱ्या अंतऱ्याला चालच नाही. दादू झऱ्यावर आला तोही ती ओळ पुटपुटतच. धोंडाबाई डोक्यावर हंडा घेऊन पुढे चालली होती. वाट चढणीची. त्याची ओळ ऐकून ऐकून तिच्याही तोंडात बसलेली, तीच ती गुणगुणायला लागली. चढ लागला, दम लागला आणि 'आभाळ' म्हणताना आवाज आपसूक वर गेला, तिथे थोडा थरथरला आणि मग ध्रुवपदावर येऊन उतरला. मागून दादू ओरडला, "थांब! परत म्हन!"

तिला वाटलं, पायाखाली साप आला.

ती चाल तिची होती. कुठल्या रेडिओतली नाही, कुठल्या सिनेमातली नाही. दादू पार्टीत सांगणारच होता, पण तिनेच त्याचा हात दाबला. "नगं. बायकूची चाल म्हनून हासतील तुमाला." तो मानला. मग कोरसमध्ये बसणाऱ्या या बाईचं जगात स्वतःचं असं काही असेल तर ती एक वळण घेतलेली ओळ होती, आणि ते दोघांनाच माहीत होतं. आता एकटीलाच.

"आज्जी, मूळ गाणं ऐका एकदा," इंद्रजित समजुतीने म्हणाला. "म्हंजे ध्यानात यील." आणि ती नको म्हणायच्या आत त्याने मोबाईल स्पीकरला जोडला.

ध्रुवपद वाजलं, पहिला अंतरा वाजला. धोंडाबाईची मान सवयीने बाजूला वळली, कारण आता बटण फिरणार. पुढे त्यांच्या घरात स्वतःचा रेडिओ आला होता. त्यावर हे गाणं लागलं की पहिला अंतरा संपताच दादूचा हात बटणाकडे जायचा. "सेल उतरतील," म्हणायचा. वीज आली, रेडिओ तारेवर चालायला लागला, तरी म्हणायचा, "सेल उतरतील." तिला हसू यायचं. वाटायचं, हॉटेलवाल्याचं ते वागणं याच्या मनात अजून सलतं आहे, पुढचं ऐकवत नाही याला. म्हणून तीही कधी काही बोलली नाही.

आज बटण फिरवायला कुणी नव्हतं. गाणं पुढे गेलं.

दुसरा अंतरा आला. ती बाई इतक्या वर्षांपूर्वीच्या होडीतून गायली, आणि जिथे धोंडाबाई चढ चढायची तिथे तिचा आवाज हळूच खाली उतरला, पाण्यावर पान टेकावं तसा. फार गोड होतं. वाईट असतं तर बरं झालं असतं.

आणि मग तिला एकदम कळलं. दादूला ही चाल माहीत होती. कधी तरी, कुठे तरी त्याने पुरतं गाणं ऐकलं होतं. ऐकूनही त्याने तिचीच चाल ठेवली, आणि खरी तिच्या कानावर पडू नये, तिची तिच्या तोंडात तशीच राहावी, म्हणून जन्मभर त्या ठिकाणी बटण फिरवत राहिला. तिला भडभडून आलं. एवढी माया केली आणि बोलला मात्र सेलांबद्दल!

"आलं ध्यानात?" इंद्रजितने विचारलं.

"आलं," धोंडाबाई म्हणाली.

ती घरात गेली, दार लोटलं आणि हळू आवाजात स्वतःचा अंतरा म्हणून बघितला. 'ओंजळीत पाणी, पाण्यात आभाळ.' आवाज खाली उतरला. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा खालीच. मूळ चाल म्हणे ती! धोंडाबाईच्या लेखी तीच कानामागून आली होती आणि तिखट झाली होती. तिने डोळे मिटले, हंडा आठवला, दादूची हाक आठवली. सगळं आठवलं. तेवढी चाल आठवली नाही.

मांडवात चिमाजी येऊन बसला होता, पार्टीचा ढोलकीवाला. बाकीचे सगळे दादूच्या आधीच गेले, हा एक उरलेला. धोंडाबाई त्याच्या कानाशी वाकली.

"भावजी, माझा दुसरा अंतरा कसा व्हता?"

"आं?"

"दुसरा अंतरा! 'ओंजळीत पानी'!"

चिमाजीचा चेहरा फुलला. त्याने मांडीवर बोटांनी ठेका धरला, अगदी तोच, एकही जागा चुकली नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याचे ओठ हलत होते, पण त्यातून सूर निघत नव्हता. "म्या ढोलकीवाला, वहिनी," तो म्हणाला. "चाल तुमच्याकडं."

संध्याकाळी त्रिशरण-पंचशील झालं, फोटोंपुढे मेणबत्त्या लागल्या, चार लोक दादूविषयी चांगलं बोलले. मग इंद्रजितने 'उजाडलं गं' सुरू केलं. मांडवातल्या सगळ्यांनी ध्रुवपद उचललं. पहिला अंतरा इंद्रजित छान गायला. मग त्याने धोंडाबाईच्या हातात माइक दिला आणि कानाशी म्हणाला, "आज्जी, ट्रॅक बंद करतो. तुमी तुमच्या चालीनं म्हना, मी मागं मागं येतो. आबांची चाल हाय ना, तशीच हू द्या."

इतकं कुणी दिलं तर माणसाने आणखी काय मागावं?

धोंडाबाई उभी राहिली. सुनेने, छायाने, पाठीला हात लावला होता. समोर दादूचा फोटो.

"ओंजळीत पाणी," ती म्हणाली. "पाण्यात..."

आणि थांबली. पुढचा शब्द ओठांवर होता, त्याच्याबरोबर होडीतल्या बाईचा सूरही होता. तो एकदा तोंडातून बाहेर पडला की झालंच. तिने ओठ घट्ट मिटले. इंद्रजितची बोटं कीबोर्डवर अधांतरी थांबली. मागून कुणी बाई हुंदका देत म्हणाली, "दाटून आलं गं म्हातारीला. किती जीव व्हता नवऱ्यावर." मग बायकांनी मिळून ध्रुवपद उचललं आणि गाणं पुरं केलं.

जीव होताच. पण धोंडाबाई त्या घडीला रडत होती ती दादूसाठी नव्हे, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी छायाला सासू घरात दिसली नाही. अंगणात नाही, विहारात नाही. माळ्यावरचा तांब्याचा जुना हंडाही जागेवर नव्हता. छाया झऱ्याच्या वाटेला लागली. नळ आल्यापासून त्या वाटेला कुणी जात नव्हतं, गवत गुडघ्याला लागत होतं.

चढणीच्या मध्यावर धोंडाबाई उभी होती. डोक्यावर हंडा, एक हात हंड्याला, एक हात गुडघ्यावर. धाप लागली होती. पदर पाण्याने भिजला होता.

"आई! नळाला पानी आलंय की घरात. ह्या वयात हंडा कशाला आनताय?"

"पान्यासाठी न्हाई आले, पोरी."

"मग?"

"माझी चाल हितं सापडली व्हती," धोंडाबाई म्हणाली. "दादूंची न्हवं ती, माझी. म्हनलं, चढ चढले की यील परत."

काल मांडवात पाठीवर हात ठेवून उभी असताना म्हातारीचं अंग कसं ताठ झालं होतं, ते छायाला आठवलं. "आली का मग?"

धोंडाबाईने वरच्या वळणाकडे बघितलं. "ओंजळीत पाणी," ती म्हणाली, "पाण्यात..." तिथे थांबली. वाट बघितली. झाडात पाखरं बोलत होती, बाकी काही नाही.

"हितपतूरच येतंय," ती म्हणाली. "हितं त्ये बटन फिरवायचं."

छायाने हंडा घ्यायला हात पुढे केले. धोंडाबाईने तो दिला नाही. स्वतःच खाली उतरवला, कडेच्या करवंदीच्या मुळाशी सगळं पाणी ओतलं, मोकळा हंडा काखेला मारला आणि पुन्हा झऱ्याकडे उतरायला लागली. उतारावर ती दगडांना धरून धरून जात होती.

छाया तिथेच एका दगडावर बसली. थोड्या वेळाने खालून हंडा बुडाल्याचा आवाज आला.