बंद खिडक्यांचं रेटिंग

निपाणीच्या बाहेर बोरगावच्या रस्त्याला मुलींचं वसतिगृह बांधायचं ठरलं, तेव्हा ट्रस्टचे अध्यक्ष धरणेंद्र आप्पा यांनी आपल्या तंबाखूच्या वखारीला लागून असलेली जमीन देऊन टाकली. बदल्यात त्यांनी एकच हट्ट धरला. इमारतीला ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र मिळालं पाहिजे, तेही गोल्ड. बेंगळुरूत एका पाहुण्याच्या ऑफिसच्या दाराशी तसली पाटी त्यांनी पाहिली होती, आणि ती त्यांच्या मनात घर करून बसली होती.

काम दिव्याकडे आलं. ती मूळची बोरगावची. बेळगावात टिळकवाडीला राहून अशा प्रमाणपत्रांचंच काम करायची. तिचे वडील आणि आप्पा एका वर्गात होते, त्यामुळे लहानपणापासून ती आप्पांच्या घरात वावरलेली. तिनं मन लावून काम केलं. छतावरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत घेतलं, सोलर बसवलं, विटा जवळपासच्याच भट्ट्यांमधून आणल्या. सगळ्यांत जास्त गुण मिळाले ते पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांना. दुपारनंतर तिकडून वारं येतं, म्हणजे पंख्याची फारशी गरजच पडायची नाही, हा तिचा हिशोब. नकाशे पाहून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनं तात्पुरतं गोल्ड दिलं. कायमचं मिळणार होतं मुली राहायला आल्यानंतर, आतली हवा, पाणी आणि वीज मोजून.

फेब्रुवारीत दिव्या मोजणीची यंत्रं घेऊन आली. दुपारची वेळ होती, मुली कॉलेजातून परतल्या होत्या, आणि पश्चिमेची एकूण एक खिडकी बंद होती. फटींत जुन्या ओढण्यांच्या पट्ट्या कोंबलेल्या. अभ्यासाच्या हॉलमध्ये पंखे गरगरत होते आणि तरीही हवा कोंदट होती.

"खिडक्या का लावल्यात?" तिनं विचारलं.

नीलम मॅडम वसतिगृहाच्या अधीक्षक. त्यांनी उत्तरादाखल एक खिडकी उघडली. पलीकडच्या वखारीत मशीन घरघरत होतं. थोड्याच वेळात दिव्याच्या घशात खवखव सुरू झाली आणि मागच्या बाकावरच्या दोन मुली शिंकायला लागल्या. नीलम मॅडमनी खिडकी लावून घेतली.

"तंबाखू चाळतात. पावसाळ्यात वखार बंद असते तेव्हा काही त्रास नाही. जानेवारीपासून हे असंच. प्रियदर्शनीला दमा आहे, तिला मी पूर्वेच्या खोलीत हलवलंय."

"मला कळवलं का नाही?"

"आप्पांना सांगितलं होतं. ते म्हणाले, सवय होईल."

दिव्यानं यंत्र टेबलावर ठेवलं. कार्बन डायऑक्साईडचा आकडा हजाराच्या आत असायला हवा होता. तो दोन हजारांच्या पुढे जाऊन थांबला. इतक्या मुली बंद हॉलमध्ये बसल्यावर दुसरं काय होणार. पण आकड्यापेक्षा तिला एक गोष्ट जास्त लागली. जागेची पाहणी तिनं श्रावणात केली होती, वखारीला कुलूप असताना. बाहेरगावच्या माणसाला ते माहीत नसतं तर समजण्यासारखं होतं. ती तर इथलीच. सुगीच्या दिवसांत घरात, कपड्यांत, वडिलांच्या हातांना तंबाखूचा हाच वास असायचा. इतका ओळखीचा, की नकाशावर शेजारच्या चौकोनात 'वखार' असं लिहिताना तिला तो आठवलाच नव्हता.

संध्याकाळी ती आप्पांच्या घरी गेली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मग आयतवारी मोज की," ते म्हणाले. "मशीन बंद असतंय. खिडक्या उघड, काय आकडा येतोय तो घे. त्यात खोटं काय हाय?"

खोटं खरंच काही नव्हतं. मोजणी कोणत्या वारी करायची, हे नियमांत लिहिलेलंच नव्हतं. दिव्या हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. बेळगावला परतताना सगळ्या वाटेवर तिच्या डोक्यात रविवारच होता. एक दिवस थांबायचं, खिडक्या उघडायच्या, गोल्ड घ्यायचं. आप्पा खूश, ट्रस्ट खूश, तिला पुढची कामं. आणि सोमवारी मुली परत ओढण्या कोंबणार.

बुधवारी ती परत आली आणि मशीन चालू असतानाच सगळ्या खोल्यांतली हवा मोजली. मग थेट वखारीत आप्पांसमोर जाऊन बसली.

"आप्पा, मी हेच आकडे पाठवणार. गोल्ड मिळणार न्हाय."

"तुला लहानपणापास्नं बघतोय मी," ते म्हणाले. "एवढं आडमुठं कवा झालीस गं?"

"राग आला असंल तर ऱ्हाऊ दे. पण पोरी कोंडून घेत्यात, आप्पा."

ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "ठीक हाय. मशीन माझ्या कोगनोळीच्या दुसऱ्या वखारीत हलवतो. इथं नुसता माल ठेवायचा. मग तर झालं?"

दिव्याला एकदम हलकं वाटलं. ती बाहेर पडली, तर अंगणात वखारीत काम करणाऱ्या बायका जेवणं उरकून डबे धूत होत्या. त्यांच्यातली मंगल दिव्याला ओळखत होती. तिची थोरली मुलगी याच वसतिगृहात राहून शिकत होती. आतलं बोलणं तिच्या कानावर गेलं होतं.

"मशीन कोगनोळीला नेणार म्हणं?"

"व्हय. पोरींना तरास होतोय."

"माझीच पोरगी हाय की आत," मंगल म्हणाली. "खिडकी उघडली तर बरंच. पण कोगनोळीला आम्ही रोज जायचं कसं? निम्म्याजणींचं काम सुटंल." मग दिव्याच्या पिशवीकडे बघून तिनं विचारलं, "तुमच्या त्या यंत्रानं आमची हवा मोजता येती का?"

तिनं ते टोमणा मारल्यासारखं विचारलं नव्हतं. तिला माहीत करून घ्यायचं होतं. दिव्याकडे धूळ मोजायचंही यंत्र होतं. जेवणाची सुट्टी संपली, मशीन सुरू झालं, आणि ती चाळणीपाशी जाऊन उभी राहिली. बायकांनी पदर नाकावर घट्ट बांधले. आकडा चढत चढत यंत्राच्या शेवटच्या मर्यादेला टेकला आणि तिथंच अडकला. वसतिगृहाच्या खिडकीत त्याचा पाव हिस्साही नव्हता.

ती तशीच आत गेली आणि यंत्र आप्पांपुढे ठेवलं. धुळीनं डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं पुसलं.

"हे कुठलं?"

"चाळणीपाशी. मंगलाक्का जिथं बसत्यात तिथलं. मशीन हलवून भागायचं न्हाय, आप्पा. धूळ तिकडं जाईल आणि बायकांचं काम जाईल. धूळ मशीनपाशीच ओढून घ्यायची सोय करू या."

"याचं बी गुण मिळत्यात का?"

"न्हाय. वसतिगृहाच्या कंपाउंडबाहेरचं त्यांच्या मोजणीत येत न्हाय."

आप्पांनी यंत्र जवळ ओढून आकडा पाहिला. मग म्हणाले, "वडील गेले तवा मी पंधरा वर्सांचा हुतो. त्या चाळणीवर मीबी बसलोय." त्यांनी यंत्र तिच्याकडे परत सरकवलं. "बोलव कुणाला तरी माप घ्यायला."

बेळगावच्या उद्यमबागेतला एक फॅब्रिकेटर येऊन माप घेऊन गेला. चाळणीवर पत्र्याचं झाकण, त्यातून जाणारा जाड पाइप, टोकाला मोठा पंखा आणि धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्या. पहिल्यांदा बसवला तो पंखा कमी ताकदीचा निघाला. तो काढून दुसरा आणावा लागला. त्यात हंगामाचे चांगले दिवस गेले. आप्पा रोज कुरकुरले, पण त्यांनी काम थांबवलं नाही.

दरम्यान दिव्यानं बुधवारचे आकडे पाठवून दिले होते. संस्थेचं उत्तर आलं: हवेचे गुण धरता येणार नाहीत. आता सिल्व्हर घ्या, किंवा वर्षभर थांबून पुन्हा मोजणी करा.

"थांबायचं का?" दिव्यानं फोनवर विचारलं.

"सिल्व्हर घे," आप्पा म्हणाले. "रीतसर उद्घाटनाला महाराज येणार हायत. तारीख मोडायची न्हाय."

उद्घाटन झालं, सिल्व्हरची पाटी लागली. भाषणात आप्पांनी ते गोल्ड आहे का सिल्व्हर, हे काही सांगितलं नाही. नुसतं 'प्रमाणपत्र' म्हणाले.

एप्रिलमध्ये दिव्या स्वतःसाठी म्हणून परत येऊन गेली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघड्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या दोन अजून बंदच होत्या. वारं जोरात असलं की थोडी धूळ तिथवर येते, असं नीलम मॅडम म्हणाल्या. अभ्यासाच्या हॉलमधला आकडा हजाराच्या आसपास होता, कधी थोडा वर, कधी थोडा खाली. प्रियदर्शनी मात्र पूर्वेच्या खोलीतच राहिली. तिथं तिला मैत्रिणी मिळाल्या होत्या.

वखारीत मंगल मशीनवर होती. नाकावरचा पदर गळ्यापाशी आला होता.

"आता बांधत न्हाय व्हय?" दिव्यानं विचारलं.

"सकाळी बांधतो. मग बोलताना सुटतोय, तो पुन्यांदा बांधायचं ध्येनात ऱ्हात न्हाय," मंगल म्हणाली, आणि चाळणीत पुढचं टोपलं ओतलं.