मला पॉलिश नको!

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. नाकं मुरडू नका! हातभर लांबी, बोटभर रुंदी आणि अंगावर आठ खाचा, एवढंच माझं रूप. पण जुहूच्या विमानतळावर दोन माणसांचं एक छोटं विमान उभं असतं ना, त्याच्या टाकीतलं खरं काय ते मला ठाऊक असतं. आणि ते मी कुणाच्याही तोंडावर सांगते. मग समोर साहेब असो नाहीतर साहेबाचा बाप!

माझा जन्म काही विमानातला नाही. मी मूळची खारदांड्याच्या खंडू कोळ्याच्या वल्ह्याचा तुकडा. सागवानी वल्हं मधोमध मोडलं, खंडू ते फेकायला निघाला, तेवढ्यात तिथे बोंबील घ्यायला लवू आला. लवू म्हणजे आमच्या हँगरमधला मेकॅनिक. मूळचा मालवणकडचा, वाढलेला घाटकोपरच्या चाळीत. बोलतो मुंबईचं, पण डोकं तापलं की थेट मालवणीत शिरतो. एका पिशवीत बोंबील आणि काखेत मी, अशी आमची वरात जुहूला आली.

लवूने मला तासलं, घासलं. मग टाकी पूर्ण रिकामी केली, पाणसळ लावून विमान सपाट उभं केलं आणि पाच-पाच लिटर मोजून पेट्रोल ओतलं. दर वेळी मला टाकीत उभी बुडवायची, बाहेर काढायची आणि ओल जिथवर चढली असेल तिथे करवतीच्या पात्याने खाच पाडायची. विमानाचे मालक विद्याधरसाहेब म्हणाले, "अरे, पेनाने रेघ मार की!" लवू म्हणाला, "रेघ पेट्रोल धुऊन नेईल साहेब. खाच कोण नेतंय?" दुसरी टाकीही त्याने तशीच भरून ताडून पाहिली. अख्खा दिवस गेला, पण माझ्या अंगावर पाचापासून चाळीस लिटरपर्यंत आकडे पक्के झाले.

मी एकटी नव्हते हो! आमचं घरगुती कुटुंबच होतं. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या नळीत गांधीलमाश्या घर करतात, म्हणून तिच्यावर साहेबांच्या मुलीचा, स्वरदाचा, लहानपणचा लाल मोजा चढवलेला. पेट्रोलमध्ये पाणी उतरलंय का ते बघायला मुरंब्याची काचेची बरणी. चाकांना अडवायला जुन्या दाराच्या चौकटीचे ठोकळे. बाजारातून आलेलं असं आमच्यात कुणीच नव्हतं, आणि त्याची आम्हाला लाजही नव्हती.

उड्डाणाआधी रोज एकच रीत. लवू शिडीवर चढायचा, पंखावरचं झाकण उघडायचा, मला बुडवायचा आणि मोठ्याने आकडा वाचायचा. तो आकडा ऐकल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. "सुई थापा मारता, काठी खोटा बोलणा नाय," असं तो म्हणायचा. आणि एकदा झालंही तसंच. विमानातली पेट्रोल दाखवणारी सुई टाकी अर्धी भरल्याचं सांगत होती, मी मात्र जवळजवळ कोरडीच बाहेर आले. साहेब आधी चिडले, मग त्यांनी सुईच्या काचेवर टिचकी मारली. अडकलेली सुई धाडकन शून्यावर! "हिने आज मला वाचवलं रे," असं म्हणून त्यांनी मला कपाळाला लावलं.

तिथेच माझी वाट लागली!

कारण साहेबांच्या मनात माझा मान करायचं आलं. दसरा जवळ आलेला. लवू भातकापणीला गावी गेलेला. हँगरमध्ये हत्यारांची पूजा असते, पाने-पक्कड मांडून झेंडू वाहतात. पूजेत मी मळकट दिसू नये म्हणून साहेबांनी मला अंधेरीच्या एका सुताराकडे दिलं. त्याने तीन हात पॉलिश चढवलं! मी आरशासारखी चकाकू लागले. हळदकुंकू लावलं, हार घातला आणि भिंतीवर खिळा ठोकून मला टांगलं. विमानात तर त्याच आठवड्यात नवा स्क्रीन बसवला होता. रंगीत आकडे, डावी टाकी, उजवी टाकी, सगळं झकास. सगळे माझा फोटो काढत होते. मी आतल्या आत ओरडत होते, अरे, मला पेट्रोल पाजा! हार कसला घालता, मी अजून मेले नाही!

लवू परत आला आणि भिंतीकडे बघून जागच्या जागी थांबला. "ह्या काय केलात, साहेबानू?"

"मान दिलाय लवू. आता तिला आराम," साहेब कौतुकाने म्हणाले. लवूने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि कामाला लागला. साहेबांनी प्रेमाने केलेलं, त्याला काय म्हणणार? मला मात्र त्याचा राग आला. बोलायचं ना रे तेव्हाच!

पुढच्या रविवारी सकाळी स्वरदा आईला घेऊन कोल्हापूरला निघाली. लायसन्स मिळाल्यावर पहिल्यांदाच ती आईला नेत होती. आई, म्हणजे जयंतीबाई, मांडीवर थालिपिठाचा डबा घेऊन पट्टा लावून बसल्यासुद्धा होत्या. स्क्रीनवर डावी चाळीस, उजवी चाळीस. आदल्या दिवशी थोडंसं उडून आल्यावर साहेबांनी टाक्या भरून घेतल्या होत्या, मग शंका कसली?

लवू विमानाभोवती एक फेरी मारून डाव्या पंखाखाली थांबला. झाकणामागे पंखावर निळसर डागाचा लांब ओघळ होता. विमानाचं पेट्रोल निळं असतं, मित्रांनो. त्याने उजवीकडे पाहिलं, तिथेही तसाच.

"गो चेडवा, जरा थांब. काठी घालून बघूया."

"लवूकाका, स्क्रीनवर फुल्ल दिसतंय ना!"

"दिसूंदे."

त्याने खिळ्यावरून मला ओढलं, हार तुटून झेंडू जमिनीवर पडले. शिडी चढून त्याने मला टाकीत सोडलं आणि बाहेर काढलं. आणि मित्रांनो, मी तोंडावर आपटले! पॉलिशवर पेट्रोल ठरेचना, थेंब सरसर ओघळून गेले. ओल कुठवर आली होती, काहीच कळेना. खाचासुद्धा पॉलिशने बुजलेल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं आणि मला सांगता आलं नाही.

"बघ, काही कळत नाहीये," विद्याधरसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "लवू, उड्डाणाची वेळ कळवलीय. बाजूला हो आता."

लवू बाजूला झाला नाही. तो चाकासमोर जमिनीवर मांडी घालून बसला, ठोकळा मांडीवर घेऊन. "माझ्या अंगावरून न्या. काठी बोलल्याशिवाय ह्या इमान हलूचा नाय!"

"लवू, मी मालक आहे विमानाचा!"

"मालक तुम्ही. पण आत बसलेली पोर माझ्या खांद्यावर खेळलीय."

तेवढ्यात आतून जयंतीबाई कडाडल्या, "अहो, दहा मिनिटांत कोल्हापूर काय पळून जातंय का? बघू दे की त्याला!"

लवूने मुरंब्याची बरणी उचलली आणि फरशीवर आपटून फोडली. माझी इतक्या वर्षांची बहीण! तिच्या काचेची धार घेऊन तो मला खरवडू लागला. चकाकी सालीसालीने गळून पडली. दुखलं म्हणता? अरे, बरं वाटलं! पॉलिश गेलं, खाचा मोकळ्या झाल्या, पांढरं कोरं लाकूड उघडं पडलं. लवू पुन्हा ठोकळा मांडीवर घेऊन चाकासमोर बसला, आणि या वेळी विमानातून उतरून शिडी स्वरदा चढली. तिनेच मला बुडवलं.

उजवीकडे चोवीस. डावीकडे पहिल्या खाचेच्या थोडंसं वर, सहा.

चाळीस आणि चाळीस म्हणणारा स्क्रीन अजूनही हसत होता. त्याला टाकीतलं काही दिसत नाही; आदल्या दिवशी उतरताना साहेबांनी 'टाक्या भरल्या' असं बटण दाबलं होतं, तेच तो बोलत होता. झाकणांची रबरं झिजली होती, उडताना वाऱ्याने पेट्रोल बाहेर ओढून घेतलं होतं. आणि त्यानंतर टाक्या भरायला साहेबांनी सांगितलं ते फोनवरूनच; त्या भरल्याच गेल्या नव्हत्या, आणि वर चढून कुणीच पाहिलं नव्हतं. कोल्हापूरला पंचेचाळीस लिटर लागतात. तीस लिटरमध्ये मायलेकी साताऱ्याच्या डोंगरांपर्यंत पोचल्या असत्या, आणि खाली उतरायला जागा नाही.

स्वरदा शिडीच्या पायरीवर बसली. तिने मला घट्ट धरलं होतं. "काका, चुकले मी," ती म्हणाली. साहेब मात्र लवूसमोर उकिडवे बसले आणि त्यांनी त्याच्या मांडीवरचा ठोकळा स्वतःच्या हातात घेतला. "मीच काठीचं तोंड बंद केलं रे," एवढंच ते म्हणाले. रबरं बदलली, टाक्या भरल्या, मला पुन्हा बुडवलं, आणि दुपारी विमान गेलं. थालिपीठं लवूने खाल्ली.

आता मी भिंतीवर नसते, शिडीला सुतळीने बांधलेली असते. यंदाच्या दसऱ्याला साहेब हळदकुंकवाचं ताट घेऊन आले, तर स्वरदाने त्यांना अडवलं. "बाबा, आधी आकडा."

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणीतरी असेल. तुम्ही त्याच्या पाया पडता, त्याचे फोटो काढता, पण त्याला काही विचारत मात्र नाही. असला मान तुमचा तुम्हालाच लखलाभ! माझी काळजी घ्यायचीय ना? मग हार ठेवा खाली, शिडी चढा, झाकण उघडा आणि मला बुडवा. मी सांगेन ते आवडणार नाही कदाचित. तरी मोठ्याने वाचा.